एईएस फुटलेला नाही, मग किल्ली बाहेर येते कुठून?

प्रश्न इलेक्ट्रॉनिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. एईएस म्हणजे गुप्त किल्ली वापरून मजकूर सांकेतिक करण्याची प्रमाण पद्धत. ती विचारते: “एईएस प्रमाणित होऊन वीस वर्षांहून अधिक काळ उलटला आणि गणिताच्या वाटेने तो अजून कोणालाही फोडता आलेला नाही. मग कूटशास्त्र आणि हार्डवेअर सुरक्षितता या विषयांत काम करणारे संशोधक नेमके काय शोधत असतात? पीएच.डी.साठी हा विषय घेतला तर रोजचे काम कसे असते आणि चांगले काम कशाला म्हणतात?” या क्षेत्रात मी प्रयोगशाळेत आणि वर्गात मिळून अठरा वर्षे काढली आहेत आणि हाच प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारते, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

प्रश्नातले गृहीतक बरोबर आहे. योआन दामेन आणि व्हिन्सेंट रेमेन यांनी रचलेली पद्धत २००१ मध्ये एईएस या नावाने प्रमाण झाली. १२८ बिटांच्या किल्लीच्या पूर्ण एईएसवरचा, केवळ गणिताच्या आधारे केलेला आणि बऱ्यापैकी नावाजलेला हल्ला २०११ मधला आहे. त्यालाही सुमारे २ चा १२६ वा घात इतकी आकडेमोड लागते, म्हणजे सर्व किल्ल्या एकेक करून तपासण्याच्या तुलनेत जवळजवळ काहीच वाचत नाही. परंतु या सगळ्या विश्लेषणात हल्लेखोराला काय दिसते याचे एक चित्र गृहीत धरलेले असते: आत जाणारा मजकूर दिसतो, बाहेर येणारा मजकूर दिसतो, आणि मधली पेटी बंद असते. प्रत्यक्षातली चिप अशी बंद पेटी नसते. तिला काम करायला वेळ लागतो, ती वीज खेचते, तिच्याभोवती विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार होते आणि तिला नको त्या क्षणी धक्का दिला तर ती चुकते. आमचे सगळे संशोधन या चित्रातून गळलेल्या गोष्टींबद्दल आहे. सिद्धता प्रतिमानाबद्दल असते, विकली जाते ती चिप, आणि या दोहोंत किती अंतर आहे हे मोजणे आणि ते कमी करणे हा आमचा विषय आहे.

या विषयाची सार्वजनिक सुरुवात पॉल कोचर यांच्या १९९६ च्या निबंधाने झाली असे मानले जाते. आरएसएसारख्या, एक सार्वजनिक आणि एक गुप्त अशा दोन किल्ल्यांच्या पद्धतीत गुप्त किल्लीचा घातांक बिटाबिटाने वाचला जातो. साध्या रीतीने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक बिटासाठी एक वर्ग करावा लागतो आणि बिट १ असेल तर एक गुणाकार जास्तीचा करावा लागतो. त्यामुळे लागणारा एकूण वेळ किल्लीवर अवलंबून राहतो आणि पुरेशी मोजमापे घेतली तर त्या वेळेतून किल्ली काढता येते. १९९९ मध्ये कोचर, जोशुआ जॅफ आणि बेंजामिन जुन यांनी विजेच्या वापरातून किल्ली काढण्याची सांख्यिकी पद्धत प्रसिद्ध केली, जिला डिफरन्शियल पॉवर अॅनालिसिस किंवा डीपीए म्हणतात. त्याच वर्षी चेटिन काया कोच आणि क्रिस्टोफ पार यांच्या पुढाकाराने ‘चेस’ ही परिषद सुरू झाली. आजही या विषयातले महत्त्वाचे निबंध पहिल्यांदा तिथेच वाचायला मिळतात. २०१८ पासून ते नियतकालिकाच्या स्वरूपात येतात.

वरवर सांगून हा हल्ला समजत नाही, म्हणून तो जरा जवळून पाहू. एखाद्या छोट्या ८ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरवर, कोणतेही संरक्षण न घातलेला एईएस चालवा. चिपच्या वीजपुरवठ्याच्या वाटेत एक लहान रोधक बसवा आणि त्याच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक ऑसिलोस्कोपवर पाहा. एईएसमध्ये त्याच पायऱ्या दहा फेऱ्यांत पुन्हा पुन्हा होतात. पडद्यावर या दहा फेऱ्या डोळ्यांनी मोजता येतात, दहावी थोडी आखूड दिसते, कारण शेवटच्या फेरीत मिक्सकॉलम्स ही बाइट एकमेकांत मिसळणारी पायरी नसते. पहिल्यांदा हे पाहणारा विद्यार्थी काही क्षण काहीच बोलत नाही, हे मी अनेकदा अनुभवले आहे. पुस्तकात चौकटींच्या आकृतीत असलेली गोष्ट समोर तरंगासारखी हलताना दिसते.

आता पहिल्या फेरीकडे लक्ष द्या. मजकुराचा प्रत्येक बाइट किल्लीच्या त्याच जागेवरच्या बाइटशी एक्सऑर होतो (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०) आणि आलेले उत्तर एस-बॉक्स या २५६ नोंदींच्या तक्त्यातून पार होते. एस-बॉक्समधून निघालेल्या बाइटमध्ये किती बिट १ आहेत, त्या प्रमाणात त्या क्षणी विजेचा वापर किंचित बदलतो. हा बदल इतका बारीक असतो की एका ट्रेसमध्ये, म्हणजे एका वेळच्या मोजमापाच्या आलेखात, तो गोंगाटात हरवून जातो. पण मजकूर आपल्याला माहीत आहे. म्हणून किल्लीच्या पहिल्या बाइटसाठी ० ते २५५ यांपैकी एक अंदाज घ्यायचा, त्या अंदाजानुसार प्रत्येक मजकुरासाठी एस-बॉक्समधून काय निघाले असते ते काढायचे, त्यातल्या १ असलेल्या बिटांची संख्या लिहायची आणि त्या स्तंभाचा प्रत्यक्ष मोजलेल्या ट्रेसच्या प्रत्येक बिंदूशी सहसंबंध काढायचा. चुकीच्या अंदाजांना सहसंबंध शून्याच्या आसपास घुटमळतो. बरोबर अंदाजाला एका ठरावीक क्षणी सुईसारखे शिखर उभे राहते. असे सोळा बाइटांसाठी करायचे. म्हणजे २ चा १२८ वा घात इतक्या शक्यतांच्या जागी १६ गुणिले २५६, फक्त ४,०९६ अंदाज तपासावे लागतात. संरक्षण नसलेल्या अशा चिपवर अनेकदा शंभराच्या आत ट्रेस पुरतात. सहसंबंधावर आधारलेली ही रीत एरिक ब्रिए, क्रिस्तोफ क्लाव्हिए आणि फ्रान्सिस ऑलिव्हिए यांनी २००४ मध्ये मांडली.

या हल्ल्याने एईएसच्या गणिताला धक्काही लागलेला नाही. ‘एईएस फोडला’ असे कोणी लिहिले तर ते चूक आहे. फुटली ती त्या चिपवरची अंमलबजावणी. आमच्या क्षेत्रात हा शब्दभेद काटेकोरपणे पाळावा लागतो, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा असतो.

मग संरक्षण कसे करायचे? सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला उपाय मास्किंग आहे. गुप्त बाइट क्ष हा कधीच एकट्याने चिपमध्ये वावरू द्यायचा नाही. दर वेळी एक नवा यादृच्छिक बाइट र घ्यायचा आणि क्ष ऐवजी ‘क्ष एक्सऑर र’ आणि ‘र’ असे दोन वाटे करून सगळी गणिते या वाट्यांवरच करायची. एकटा कोणताही वाटा पाहिला तर तो पूर्णपणे यादृच्छिक दिसतो. युवल इशाई, अमित सहाय आणि डेव्हिड वॅगनर यांनी २००३ मध्ये या कल्पनेला नेमके प्रतिमान आणि सिद्धता दिली: सर्किटमधल्या आधी ठरवलेल्या संख्येइतक्या कोणत्याही तारा हल्लेखोराने वाचल्या तरी त्याला काही कळणार नाही, इतके वाटे करता येतात. शिवाय गोंगाट पुरेसा असेल तर वाट्यांची संख्या वाढेल तशी लागणाऱ्या मोजमापांची संख्या घातांकी गतीने वाढते.

इथे एखाद्याला वाटेल की प्रश्न सुटला. खरे संशोधन इथूनच सुरू झाले. २००५ मध्ये स्टेफान मांगार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मास्किंग केलेले सीएमओएस (चिप बनवण्याच्या नेहमीच्या तंत्राचे) सर्किटही गळते, कारण गेटच्या प्रवेशांवर संकेत एकाच क्षणी पोहोचत नाहीत. क्लॉकच्या एकाच ठोक्यात गेटचे उत्तर स्थिरावण्याआधी काही वेळा खालीवर होते, ज्याला ग्लिच म्हणतात, आणि या तात्पुरत्या उड्यांमध्ये दोन्ही वाट्यांची माहिती मिसळते. प्रतिमानात तारेवर प्रत्येक ठोक्याला एकच मूल्य असते. सिलिकॉनमध्ये ते तसे नसते. पुढच्याच वर्षी स्वेतला निकोव्हा, क्रिस्टियान रेखबर्गर आणि रेमेन यांनी ग्लिच गृहीत धरूनही सुरक्षित राहणारी रचना सुचवली, जिला थ्रेशोल्ड इम्प्लिमेंटेशन म्हणतात; तिच्या प्रत्येक भागाला मुद्दामच एक वाटा कमी दिलेला असतो, त्यामुळे त्या भागात कितीही उड्या झाल्या तरी पूर्ण गुपित तिथे नसतेच. ही मला या विषयातली सर्वांत देखणी कल्पना वाटते. गृहीतक तुटले, का तुटले ते मोजले गेले आणि मग ते तुटणेच गृहीत धरून नवी सिद्धता उभी राहिली. संशोधन कशाला म्हणायचे, हा प्रश्न मला कोणी विचारला की मी ही दोन वर्षे दाखवते.

सॉफ्टवेअरमध्येही तेच घडते आणि ते मी स्वतःच्या टेबलावर पाहिले आहे. माझ्या एका सहकाऱ्याने दोन वाट्यांचा एईएस काळजीपूर्वक लिहिला होता. कागदावर तो निर्दोष होता आणि मीही तो ओळीओळीने तपासला होता. मोजमापात मात्र एका बिंदूवर ठळक गळती दिसत होती. आम्ही जवळजवळ तीन आठवडे यादृच्छिक संख्यांच्या जनित्रावर संशय घेत बसलो. शेवटी त्या बिंदूचा वेळ आणि चिपच्या सूचनांची यादी समोरासमोर ठेवली, तेव्हा दिसले की कंपायलरने, म्हणजे प्रोग्रॅमचे चिपच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या साधनाने, ‘क्ष एक्सऑर र’ ज्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या छोट्या साठवणजागेत) ठेवला होता त्याच रजिस्टरमध्ये लगेच पुढच्या सूचनेत ‘र’ आणून ठेवला होता. रजिस्टरचे जुने मूल्य जाऊन नवे येते तेव्हा जे बिट उलटतात त्यांवर वीज खर्च होते, आणि उलटणारे बिट म्हणजे जुन्या आणि नव्या मूल्यांचा एक्सऑर. ‘क्ष एक्सऑर र’ आणि ‘र’ यांचा एक्सऑर म्हणजे थेट क्ष. प्रोग्रॅमच्या एकाही ओळीत क्ष उघडा नव्हता, पण दोन ओळींच्या मधल्या संक्रमणात तो होता. आम्ही मधे रजिस्टर पुसणारी एक सूचना घातली, शिखर नाहीसे झाले. पुढच्या आठवड्यात कंपायलरची ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली आणि ते दुसऱ्या जागी परत आले. जोसेप बालाश आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हा प्रकार पद्धतशीरपणे मांडला आणि संक्रमणे लक्षात घेतली तर मास्किंगचा सुरक्षितता क्रम, म्हणजे किती जागा एकत्र पाहिल्या तरी गुपित कळत नाही तो आकडा, निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतो हे दाखवले.

आता मोजमापांच्या प्रामाणिकपणाबद्दल, कारण या विषयात निकाल चुकतात ते बहुतेक वेळा इथे. गळती आहे की नाही हे पाहण्यासाठी टी-चाचणी सर्रास वापरली जाते: अर्धे ट्रेस एकाच ठरलेल्या मजकुराचे, अर्धे यादृच्छिक मजकुरांचे, आणि दोन गटांच्या सरासरीत फरक आहे का ते प्रत्येक बिंदूवर तपासायचे. टी चे मूल्य ४.५ च्या पलीकडे गेले की गळतीची खूण मानतात. माझ्याकडच्या एका विद्यार्थ्याला एकदा ट्रेसच्या संपूर्ण लांबीवर, अगदी एन्क्रिप्शन सुरू होण्याआधीच्या भागातही, ही मर्यादा ओलांडलेली दिसली. जे गणित अजून सुरूच झालेले नाही ते गळणार कसे? त्याने सकाळी ठरलेल्या मजकुराचे सगळे ट्रेस घेतले होते आणि दुपारी यादृच्छिक मजकुरांचे; मधल्या काळात चिप आणि खोली दोन्ही तापली होती. चाचणीने तापमानातला फरक पकडला होता. दोन्ही प्रकारचे मजकूर यादृच्छिक क्रमाने मिसळून पुन्हा मोजल्यावर ती गळती गेली आणि तिच्याखाली दडलेली एक खरी, अगदी लहान गळती दिसली. उलट बाजूची चूक अधिक धोक्याची आहे. टी-चाचणीत काही सापडले नाही याचा अर्थ इतकाच की या उपकरणाने, इतक्या ट्रेसमध्ये, या जागी प्रोब ठेवून, या प्रकारची गळती दिसली नाही. सहसंबंध निम्मा झाला तर तोच निष्कर्ष काढायला साधारण चौपट ट्रेस लागतात; म्हणून ‘दहा लाख ट्रेसमध्ये सुरक्षित’ या वाक्यात गोंगाट किती होता आणि मोजणी कशी केली हे लिहिलेले नसेल तर त्याला फारसा अर्थ उरत नाही. परीक्षक म्हणून मी निबंध वाचते तेव्हा आधी हा भाग उघडते.

गळती हा एक भाग झाला. दुसरा भाग मुद्दाम चूक घडवण्याचा. १९९७ च्या निबंधात डॅन बोने, रिचर्ड डीमिलो आणि रिचर्ड लिप्टन यांनी दाखवलेले उदाहरण मी आजही वर्गात फळ्यावर सोडवते. आरएसएची सही लवकर व्हावी म्हणून ती दोन गुप्त मूळ संख्यांच्या (यांचा गुणाकार म्हणजेच सार्वजनिक संख्या) दृष्टीने वेगवेगळी काढतात आणि मग जोडतात. याने काम साधारण चौपट वेगाने होते. समजा या दोन भागांपैकी एका भागाचे गणित चालू असताना चिपला धक्का दिला, पुरवठ्याचा दाब क्षणभर खाली आणला किंवा क्लॉकचा एक ठोका आखूड केला, आणि तेवढाच भाग चुकला. मग बाहेर येणारी सही एका मूळ संख्येच्या दृष्टीने बरोबर आणि दुसरीच्या दृष्टीने चूक असते. आर्येन लेन्स्ट्रा यांनी दाखवल्याप्रमाणे अशी एकच चुकलेली सही आणि मूळ संदेश हाती असेल तर सहीचा सार्वजनिक घात काढायचा, त्यातून संदेश वजा करायचा आणि त्या फरकाचा सार्वजनिक संख्येशी मसावि काढायचा. मसावि म्हणजेच गुप्त मूळ संख्या. शाळेत शिकलेल्या मसाविने हजारो बिटांची किल्ली उघडी पडते. एईएसमध्येही हेच होते: आठव्या फेरीच्या सुमारास एका बाइटमध्ये घडवलेली चूक पुढच्या पायऱ्यांत आधी चार आणि मग सोळाही बाइटांत पसरते, पण ती पसरते ठरलेल्या नियमाने, आणि तो नियम किल्लीबद्दलच्या शक्यता छाटत जातो. जिल पिरे आणि जाँ-जाक किस्काते यांनी २००३ मध्ये दोन चुकलेली उत्तरे पुरतात हे दाखवले. मायकेल टनस्टॉल, देबदीप मुखोपाध्याय आणि सुबिध अली यांनी २०११ मध्ये एकाच चुकीतून १२८ बिटांच्या किल्लीच्या फक्त २५६ शक्यता उरतात इथपर्यंत मजल नेली.

यावर सुचणारा सोपा उपाय असा की गणित दोनदा करा आणि उत्तरे जुळली नाहीत तर काहीच बाहेर सोडू नका. तो उपयोगी आहे, पण अपुरा. दोनदा गणित केले की गळतीची संधीही दुप्पट होते, म्हणजे एका रोगावरचे औषध दुसरा रोग वाढवते. त्याहून खोल धक्का २०१८ मध्ये क्रिस्टोफ डोब्राउनिग आणि सहकाऱ्यांनी दिला. चूक घडवण्याचा प्रयत्न करूनही उत्तर बरोबर आले, अशाच प्रसंगांची त्यांनी नोंद ठेवली. एखादा बिट शून्य करण्याचा प्रयत्न केला आणि परिणाम काहीच झाला नाही, तर तो बिट आधीच शून्य असण्याची शक्यता जास्त. अशा बरोबर उत्तरांचे सांख्यिकी वजन किल्लीकडे बोट दाखवते. चूक ओळखणारी यंत्रणा इथे आंधळी असते, कारण ओळखण्यासारखी चूकच झालेली नसते, आणि मास्किंगही एकट्याने पुरत नाही. गळती आणि चूक या दोहोंपासून एकाच वेळी, परवडणाऱ्या क्षेत्रफळात संरक्षण कसे द्यायचे, हा प्रश्न आजही उघडा आहे आणि पीएच.डी.साठी मी तो आनंदाने सुचवेन.

आणखी एक ताजे क्षेत्र म्हणजे क्वांटम संगणकांना पुरून उरतील अशा पद्धती. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांची पहिली तीन प्रमाणके प्रसिद्ध केली. त्यांतली किल्ली-देवाणघेवाणीची पद्धत कायबर या पद्धतीवर आधारलेली आहे. तिच्यात सगळी गणिते ३,३२९ या मूळ संख्येच्या मापाने होतात. २०२३ च्या अखेरीस असे लक्षात आले की अनेक अंमलबजावण्यांत एका ठिकाणी गुप्त संख्येला ३,३२९ ने भागले जाते आणि काही प्रोसेसरांवर काही कंपायलर तिथे भागाकाराची अशी सूचना वापरतात जिला लागणारा वेळ भाज्यावर अवलंबून असतो. लिहिणाऱ्याने स्थिर वेळेचा, म्हणजे गुपित काहीही असले तरी सारखाच वेळ घेणाराच प्रोग्रॅम लिहिला होता. १९९६ चा धडा २०२३ मध्ये, वेगळ्या गणितावर, तसाच परत आला. शिवाय या पद्धतीत मिळालेला संदेश पुन्हा एन्क्रिप्ट करून ताडून पाहायची पायरी असते, आणि त्या तपासणीबद्दल एका बिटाइतकी माहिती जरी नियमितपणे बाहेर पडली तरी निवडक सांकेतिक मजकूर पाठवत किल्ली थोडी थोडी करून काढता येते. एईएसच्या मास्किंगमध्ये एक्सऑरच्या वाट्यांनी निभावणारे काम इथे बेरजेचे वाटे आणि एक्सऑरचे वाटे यांच्यात ये-जा करत करावे लागते, आणि ती ये-जा महाग पडते. काम भरपूर आहे, माणसे कमी आहेत.

प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळा असताना स्वतंत्र संशोधनाची गरज काय, असेही विचारले जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये तोमा रोश यांनी प्रसिद्ध केलेले काम याचे उत्तर आहे. इन्फिनिऑन या कंपनीच्या सुरक्षा चिपमधल्या तयार प्रोग्रॅमसंचात (लायब्ररीत) ईसीडीएसए या पद्धतीची डिजिटल सही करताना लागणारा एका संख्येचा गुणाकार-व्यस्त स्थिर वेळेत काढला जात नव्हता. प्रत्येक सहीसाठी एक नवी गुप्त संख्या लागते, आणि ती पूर्ण कळली तर एकाच सहीतून साध्या समीकरणाने कायमची किल्ली निघते. म्हणून तिच्या व्यस्ताचे गणितसुद्धा गळता कामा नये. ही उणीव १४ वर्षे, सर्वोच्च पातळीच्या सुमारे ८० मूल्यांकनांतून, कोणाच्याही नजरेस पडली नव्हती. हल्ल्यासाठी वस्तू हातात असावी लागते, ती उघडावी लागते आणि महागडी उपकरणे लागतात, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण प्रयोगशाळेला ठरलेल्या दिवसांत ठरलेली यादी तपासायची असते. एका व्यस्तावर वर्षभर बसून राहण्याची मोकळीक संशोधकाला असते, आणि ती मोकळीक समाजाच्या कामी येते असे मी मनापासून मानते. असे काही सापडले तर आधी निर्मात्याला कळवायचे आणि पुरेसा वेळ द्यायचा. चिपमधली चूक बहुतेक वेळा अपडेटने दुरुस्त होत नाही, म्हणून हा वेळ सॉफ्टवेअरपेक्षा जास्त द्यावा लागतो. ही शिस्त पहिल्या दिवसापासून अंगी बाणवा.

रोजचे काम कसे असते? आठवड्यातले दोन दिवस मोजमापांत जातात, ज्यांत बराच वेळ ट्रिगर जुळवण्यात, प्रोब अर्धा मिलिमीटर सरकवण्यात आणि ट्रेस एकमेकांशी सरळ रेषेत आणण्यात जातो. उरलेल्या दिवसांत सांख्यिकी, थोडे बीजगणित, चिपच्या सूचनांची भाषा असलेल्या असेंब्लीचे बरेच वाचन आणि लिखाण. संभाव्यताशास्त्र कच्चे असेल तर आधी ते पक्के करा. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना सांत क्षेत्रांचे बीजगणित अवघड वाटते, पण माझ्या अनुभवात ते सहा महिन्यांत येते, सांख्यिकीची समज यायला अधिक काळ लागतो. एका मोहापासून मात्र सावध करते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एएससीएडी हा ट्रेससंग्रह कोणालाही उतरवून घेता येतो, आणि त्यावर नवे न्यूरल नेटवर्क शिकवून ‘आधीपेक्षा कमी ट्रेस लागले’ असे लिहिता येते. त्यातले काही काम उत्तम आहे. पण ज्या ट्रेसवर निकाल सांगायचा त्यांच्याच आधारे नेटवर्कची रचना निवडली असेल, तर तो आकडा त्या संग्रहाबद्दल असतो, चिपबद्दल नव्हे. ज्याने स्वतः एकदाही प्रोब धरलेला नाही त्याला हा फरक जाणवत नाही, म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी टेबलावर बसवते.

तुम्हीही तेच करा. कॉलिन ओफ्लिन यांनी सुरू केलेला चिपव्हिस्परर हा खुल्या रचनेचा संच शिकण्यासाठी पुरेसा आहे. त्यावर संरक्षण नसलेला एईएस चालवा आणि सहसंबंधाचा हल्ला तयार साधन न वापरता स्वतः लिहा. साठ-सत्तर ओळींत तो बसतो. किल्ली मिळाली की त्याच एईएसला स्वतःच्या हाताने दोन वाट्यांचे मास्किंग करा, मजकुरांचा क्रम मिसळून टी-चाचणी घ्या आणि कुठे शिखर दिसते ते पाहा. पहिल्या प्रयत्नात ते बहुधा दिसेलच. मग सूचनांची यादी उघडा, त्या क्षणी कोणते रजिस्टर बदलत होते ते शोधा आणि तारीख, कंपायलरची आवृत्ती, प्रोबची जागा आणि ट्रेसची संख्या यांसह वहीत लिहून ठेवा. मार्गदर्शकाला पहिल्यांदा भेटायला जाल तेव्हा वहीचे ते पान सोबत न्या.